आधी रणगाड्याची चाकं मोजा

जुन्या युद्धपटाचा रिमेक येतोय ही बातमी सकाळी मोबाइलवर पडली, की संध्याकाळपर्यंत तुमचं मत तयार हवं. सिनेमा यायला दीड वर्ष असेल, नट ठरले नसतील, दिग्दर्शक सोडून जायच्या बेतात असेल. काही बिघडत नाही. मत सिनेमा बघून द्यायचंच नसतं. ते साताऱ्यात राजवाड्याच्या चौपाटीवर, भेळेची डिश हातात धरून, चौघांच्या देखत द्यायचं असतं. आणि ते एकच असतं: "जुन्याची सर नाही." एवढं म्हणायला अक्कल लागत नाही. म्हटल्यावर अर्धा तास तग धरायला मात्र लागते, म्हणून हा खटाटोप.

पहिली गोष्ट, 'मूळ' म्हणजे कोणता सिनेमा हे घरून ठरवून निघा. तुम्ही शाळेत असताना केबलवर, मधली वीस मिनिटं लाइट गेलेली असताना जो पाहिलात, तो मूळ. त्याच्या मागे जाऊ नका. मागे जाणं म्हणजे पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये चुकीच्या लेननं शिरणं. बाहेर कुठे निघाल ते तुमच्या हातात राहत नाही.

'बेन-हर'चंच घ्या. २०१६ चा आपटला तेव्हा १९५९ च्या 'मूळ' सिनेमासाठी हळहळायची पद्धत पडली. खुशाल हळहळा, अकरा ऑस्कर मिळवलेला सिनेमा आहे. पण कोपऱ्यातला एखादा शहाणा उठतो आणि सांगतो की १९५९ चा हा स्वतःच १९२५ च्या मूकपटाचा रिमेक आहे, आणि त्या मूकपटाच्या रथशर्यतीत सहायक म्हणून राबलेला विल्यम वायलरच पुढे १९५९ च्या सिनेमाचा दिग्दर्शक झाला. असा माणूस भेटला तर वाद घालू नका. "ते वेगळं हो," म्हणा. मराठीत या तीन शब्दांना अजून कुणाला उत्तर सापडलेलं नाही.

'द मॅग्निफिसंट सेव्हन'ला हीच युक्ती थोडी लांबवावी लागते. २०१६ च्या सिनेमाला नावं ठेवताना १९६० च्या बाजूला उभे राहा. समोरच्यानं १९५४ चा जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई' काढला, की एका उडीत त्याच्या बाजूला जा आणि १९६० च्यालाही नावं ठेवायला लागा. 'सेव्हन सामुराई' पाहिलेला असायची गरज नाही. तो तीन तास सत्तावीस मिनिटांचा आहे, तेव्हा समोरच्यानंही पाहिलेला नसतो. अगदी खोदून विचारलंच तर "तो शेवटचा पाऊस..." एवढंच म्हणून मान हलवा आणि कांदा तोंडात टाका. शेवटची लढाई खरंच पावसात आहे, त्यामुळे पकडले जाणार नाही.

चोरीचा आरोप करताना मात्र तारीख बघत चला. नव्यानं उचललं तर ती चोरी, जुन्यानं उचललं तर प्रेरणा. सर्जिओ लिओनेनं १९६४ च्या 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'साठी कुरोसावाचाच 'योजिम्बो' कुणाला न विचारता उचलला. जपानच्या तोहो कंपनीनं दावा लावला, आणि मिटवामिटवीत जगभरच्या कमाईतले १५ टक्के द्यावे लागले. ही प्रेरणा. १५ टक्क्यांची.

'शोले' आपल्या सगळ्यांचा, म्हणून तिथं जास्तच सांभाळून. २००७ साली 'राम गोपाल वर्मा की आग' आला तेव्हा "मूळ शोलेला हात लावायचा नाही" असं गावोगाव ठरलं होतं. ते योग्यच होतं. अडचण एवढीच, की आपण सगळ्यांनी पन्नास वर्षं जो पाहिला तो शेवट सेन्सॉरनं बदलायला लावलेला. आणीबाणीचे दिवस होते. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेऊन डाकूला ठार करतो हे चालणार नव्हतं, म्हणून ऐन वेळी पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला खिळे मारलेल्या बुटांनी मारतो. २०२५ मध्ये तो शेवट परत जोडलेली प्रत दाखवली गेली. आता मूळ कोणता? ज्यानं पन्नास वर्षं वाट पाहिली तो, की ज्याचे संवाद तुमच्या तोंडपाठ आहेत तो? हा प्रश्न कुणी विचारला तर मोबाइल वाजल्यासारखं करून बाजूला व्हा.

आता मुख्य हत्यार. रिमेक पाडायचा असेल तर संगणकावर बनवलेल्या धुराबद्दल बोला. "पूर्वी सगळं खरं असायचं" हे वाक्य इथं ठेवा. ते ठेवताना आजूबाजूला रणगाडे ओळखणारा कुणी नाही ना, एवढं बघा.

कारण रणगाड्यांची चाकं मोजता येतात. जर्मन टायगरची चाकं एकमेकांवर चढलेली असतात, तव्यावर भाकऱ्या अर्ध्या-अर्ध्या रचाव्यात तशी. बाजूनं बघितलं तर मध्ये फट दिसत नाही. रशियन टी-३४ ला एका बाजूला पाच मोठी चाकं, सुटी सुटी. अमेरिकन एम-४७ पॅटनला सहा, आणि पट्टा वरून सरकावा म्हणून छोटे रूळ. आता १९६५ चा 'बॅटल ऑफ द बल्ज' लावा आणि किंग टायगर म्हणून अंगावर येणाऱ्या रणगाड्याची चाकं मोजा. सहा भरतील. स्पेनच्या लष्कराकडून घेतलेले पॅटन आहेत ते. म्हणजे जर्मनांच्या बाजूनं, युद्धानंतर बनलेले अमेरिकन रणगाडे लढताहेत. प्रत्यक्षातली लढाई डिसेंबर १९४४ मधली, आर्देनच्या जंगलातली, बर्फातली. सिनेमातली शेवटची झुंज कोरड्या माळावर होते. माण-खटावचा माणूस ते बघून गाव ओळखायला लागेल असा माळ.

१९७० च्या 'केलीज हीरोज'मध्ये टायगर म्हणून युगोस्लाव्हियाच्या लष्कराचे टी-३४ आहेत. वर पत्र्याचा साज चढवला, खाली पाच चाकं तशीच राहिली. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' १९९८ चा, म्हणजे नव्यातला; त्यातले टायगरही टी-३४ च्याच सांगाड्यावर. खरा चालता टायगर बघायचा असेल तर २०१४ चा 'फ्युरी' लावा. इंग्रजांनी १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडलेला टायगर १३१, इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या रणगाडा-संग्रहालयातून आणलेला. म्हणजे खरा रणगाडा नव्या सिनेमात आणि पत्र्याचे जुन्यात. हे कुणासमोर बोलू नका. सगळी मांडणी कोसळते.

विमानांचंही तेच. १९८६ च्या 'टॉप गन'मध्ये शत्रूची 'मिग-२८' विमानं दिसतात. असं मिग रशियानं कधी बनवलंच नाही. अमेरिकेचीच एफ-५ विमानं काळी रंगवून उडवली होती. १९७६ चा 'मिडवे' २०१९ च्या संगणकी 'मिडवे'पेक्षा किती अस्सल, हे सांगताना त्यातली बरीच दृश्यं 'तोरा! तोरा! तोरा!'सारख्या आधीच्या सिनेमांतून कापून आणून चिकटवलेली आहेत, हे गिळून टाका. खोटं कैरीच्या लोणच्यासारखं असतं, मुरावं लागतं. नव्या सिनेमाचं खोटं अजून करकरीत आहे, म्हणून दाताला लागतं. आणखी वीस वर्षांनी तेच वाढून घ्याल.

सीक्वेलबद्दल फार बोलायची गरज नसते, सीक्वेलच बोलतो. 'गन्स ऑफ नॅव्हरोन' १९६१ चा, 'फोर्स १० फ्रॉम नॅव्हरोन' १९७८ चा. पात्रं तीच, ग्रेगरी पेकच्या जागी रॉबर्ट शॉ, डेव्हिड निव्हनच्या जागी एडवर्ड फॉक्स. सतरा वर्षं गेलीच नाहीत असं समजून गोष्ट पुढे चालू. रॅम्बोबद्दल "पहिला भाग म्हणजे खरी हाणामारी" असं कुणी म्हणालं तर तो फक्त पोस्टरवर बोलतोय हे ओळखा. १९८२ च्या पहिल्या भागात पडद्यावर एकच माणूस मरतो, तोही हेलिकॉप्टरमधून पडून. ढिगानं माणसं मारायचं काम पुढच्या भागांनी केलं. तरी त्याला हे सांगायला जाऊ नका, त्याची संध्याकाळ वाया जाईल आणि भेळेचे पैसे तुम्हाला द्यावे लागतील.

आता सातारा जिल्ह्यापुरती एक खास सूचना. हा धोका पुण्या-मुंबईत कमी, इथं पावलोपावली: शेजारच्या बाकड्यावर बसलेला माणूस खरोखर लढून आलेला असू शकतो. अपशिंगे गावाच्या नावापुढे मिलिटरी लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली साताऱ्यातच निघालं. तेव्हा टपरीवर हिरवा स्वेटर, कानाला मफलर आणि पायाशी कॅन्टीनची पिशवी दिसली की आवाज खाली घ्या. हुद्दा कोणताही असो, गावात त्यांना मेजरच म्हणतात. तुम्हीही म्हणा.

'बॉर्डर'वरचा वाद मेजर असताना तर काढूच नका. जून २०२४ मध्ये दुसऱ्या भागाची घोषणा झाली त्याच रात्री "पहिल्यासारखा होणे नाही" हा निकाल लागला होता, आणि त्यावर अपील चालत नाही. पहिल्याचा आधार काय? तर तो "खऱ्या घटनेवर" आहे. घटना खरीच. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र, लोंगेवाला, २३ पंजाबची एक कंपनी, सुमारे १२० जवान, समोर रणगाडे. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री लढायची सोय नव्हती, म्हणून उजाडेपर्यंत तग धरायचा होता. इथपर्यंत वाद घालायला हरकत नाही. पण १९९७ च्या सिनेमात जवान एकामागून एक पडतात, आणि प्रत्यक्षात त्या चौकीवर दोन जवान शहीद झाले. त्या कंपनीचे मेजर कुलदीपसिंग चांदपुरी २०१८ पर्यंत हयात होते. पडद्यावर ज्यांना मरण आलं ते बीएसएफचे भैरोसिंह राठोड २०२२ च्या डिसेंबरपर्यंत होते. स्वतःचं हौतात्म्य पाहून त्यावर पंचवीस वर्षं जगले. दुसरा भाग इतिहासाशी खेळतो अशी काळजी वाहताना ही आकडेवारी मेजरांच्या हाती लागू देऊ नका.

जीपवरच्या तोफेबद्दलही जपून. तिला एकशेसहा म्हणतात. तुम्ही जाणकारी दाखवायला "१०६ मिलिमीटरची" म्हणाल, आणि मेजर चहाचा कप खाली ठेवतील. नळीचा व्यास १०५ मिलिमीटर आहे. आधी १०५ ची एक तोफ होती, दोघींचे गोळे एकमेकींत मिसळू नयेत म्हणून हिला १०६ नाव दिलं. शिवाय ही तोफ धक्का खात नाही, सगळा जाळ मागून सोडते. त्यामुळे ज्या कुठल्या सिनेमात, नव्या की जुन्या, कुणी तिच्या मागे उभं राहून "फायर" ओरडताना दिसला, तिथं मेजर फक्त एवढंच म्हणतात, "आरं, ह्यो माघारी हुबा हाय. ह्येचं काय करायचं?"

आणि तरीही जीभ घसरलीच, "मेजर, तुम्ही सांगा, जुना चांगला की नवा?" असं तोंडातून गेलंच, तर पुढचं ऐकायची तयारी ठेवा. मेजर आधी बराच वेळ एसटी स्टँडच्या दिशेनं बघतात. मग विचारतात, "थंडी दावलीय का रं कुठल्या एकात?"

"थंडी?"

"डिसेंबर हुता. वाळवंटात रातच्याला बोटं वळत न्हाईत. ट्रिगर नीट लागत न्हाई. ते दावलंय का?"

दोन्ही सिनेमे मनात भराभर पुढे-मागे करून बघा. बाह्या दुमडलेले जवान दिसतील, घाम दिसेल, मागे गाणं चालू असेल. उत्तर देऊ नका. मेजरांची अपशिंग्याची गाडी साडेसातला आहे. तोवर एक कडक चहा सांगा, साखर कमी.