हाडांची गोळी चालू आहे म्हणून किडकी दाढ सांभाळू नका

ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. त्याचा सारांश असा: हाडं मजबूत करणारी औषधं घेणाऱ्यांनी दात अजिबात काढू नये, जबडा सडतो. काढायचाच असेल तर गोळ्या दोन महिने आधी बंद कराव्यात आणि सीटीएक्स नावाची, हाडांच्या झिजेचा वेग मोजणारी रक्ततपासणी करून घ्यावी. खरं तर या गोळ्या आजच फेकून द्याव्यात आणि नाचणी-तीळ खावेत. सोबत हाड उघडं पडलेल्या जबड्याचा फोटो असतो. तो पाहिला की माणूस पुढचं वाचायच्या आधीच घाबरतो.

फोटो खोटा नाही, हे आधी सांगून टाकतो. २००३ साली मायामीच्या डॉ. रॉबर्ट मार्क्स यांनी अशा ३६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि पुढे जगभरातून तसे रुग्ण समोर आले. दात काढल्यावर किंवा कधी आपोआपच हिरडी फाटते, हाड उघडं पडतं आणि आठ आठवडे उलटले तरी झाकलं जात नाही. हा आजार खरा आहे. मजकुरात चुकलंय ते पुढचं सगळं.

पहिली गडबड ‘हाडांची औषधं’ या दोन शब्दांतच आहे. दाढ दाखवायला आलेल्या आजी औषधांची पिशवी टेबलावर ओततात: कॅल्शियमची पट्टी, आठवड्याला एकदा दुधात घालायची ड जीवनसत्त्वाची पुडी, बीपीची गोळी. ‘हाडांच्या गोळ्या आहेत हो मला, दाढ नको काढायला.’ कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचा या आजाराशी काही संबंध नाही. कितीही वर्षं घेतलेलं असो, त्यासाठी दाढ थांबवायचं कारण नाही.

संबंध आहे तो हाडाची झीज रोखणाऱ्या औषधांशी. अ‍ॅलेन्ड्रोनेट किंवा रायझेड्रोनेट, म्हणजे बहुतेक वेळा आठवड्यातून एकदा उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं न व्हायची ती गोळी. आयबॅन्ड्रोनेट महिन्यातून एकदा. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड वर्षातून एकदा सलाइनमधून. डेनोसुमॅब दर सहा महिन्यांनी कातडीखाली टोचतात. शेवटची दोन पिशवीत सापडतच नाहीत, आणि खरा घोटाळा तिथे होतो. ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ या प्रश्नाला पेशंट प्रामाणिकपणे ‘फक्त बीपीची’ असं उत्तर देतो. गेल्या दिवाळीत लावलेलं सलाइन त्याच्या लेखी औषधात मोडतच नाही. म्हणून दाताच्या डॉक्टरकडे जाताना हाडांच्या डॉक्टरांची फाइल बरोबर न्या आणि इंजेक्शनचं आपणहून सांगा.

दुसरी गोष्ट डोसची. मार्क्स यांचे बहुतेक रुग्ण कर्करोगाचे होते. कर्करोग हाडात पसरला की झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ४ मिलिग्रॅम दर तीन-चार आठवड्यांनी देतात, तर ठिसूळ हाडांसाठी, म्हणजे ऑस्टिओपोरोसिससाठी, तेच औषध ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा. डेनोसुमॅबचंही तसंच: कर्करोगात १२० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी, ऑस्टिओपोरोसिसमध्ये ६० मिलिग्रॅम सहा महिन्यांनी. साहजिकच धोकाही वेगळा. अमेरिकेतल्या मुख व जबडा शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०२२ साली आकडे एकत्र केले. ऑस्टिओपोरोसिससाठी बिसफॉस्फोनेट गटातली, म्हणजे वरची पहिली चार औषधं घेणाऱ्यांत दात काढल्यावर हा त्रास होण्याचं प्रमाण शून्य ते ०.१५ टक्के, म्हणजे हजारात फार तर एक-दोन. डेनोसुमॅबवर साधारण शंभरात एक. कर्करोगासाठी शिरेतून औषध घेणाऱ्यांत मात्र १.६ ते १४.८ टक्के. हा शेवटचा आकडा गंभीर आहे आणि त्या रुग्णांनी तो गंभीरपणेच घ्यावा. पण त्यांच्या जबड्याचा फोटो दाखवून आठवड्याला एक गोळी घेणाऱ्या बाईला घाबरवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. वर्षाकाठी झोलेड्रोनिकचं एक सलाइन देऊन तीन वर्षं चाललेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ७,७६५ स्त्रिया होत्या. जबड्याचा हा त्रास औषधाच्या गटात एकीला झाला आणि औषधाविना नुसतं सलाइन घेणाऱ्या गटातही एकीलाच.

आता ‘दात अजिबात काढू नये’. हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. गंमत म्हणून दाढ कोणी काढत नाही. मुळाशी पू झालेला असतो, दात हलत असतो, रात्रभर ठणकत असतो. ही औषधं हाड खाणाऱ्या पेशींना आवर घालतात. झीज थांबते ती त्यामुळे, पण खराब झालेलं हाड काढून टाकून नवं भरण्याचं कामही मंदावतं. जबड्यात हे काम एरवी जोरात चालतं, आणि तोंडातल्या जंतूंपासून त्या हाडाला आडोसा असतो तो फक्त पातळ हिरडीचा. अशा हाडाशेजारी महिनोन् महिने पू साठू देणं म्हणजे ज्याची भीती त्यालाच आमंत्रण. कित्येकदा किडलेल्या मुळाखालचं हाड आधीच निकामी झालेलं असतं. दात काढल्यावर ते फक्त उघडं पडतं आणि खापर फुटतं दात काढण्यावर. घासणाऱ्या, सैल कवळीनेही हा आजार होतो, तिथे तर दात काढलेलाच नसतो.

रूट कॅनालने दाढ वाचत असेल तर उत्तमच. कर्करोगाच्या रुग्णांत कधी वरचा भाग कापून मूळ तसंच ठेवता येतं. पण काढायलाच हवी अशी दाढ काढावी. हाडाला कमीत कमी धक्का लावायचा, टोकदार कडा घासायच्या, गरज असेल तर टाके घालायचे, आणि आठ आठवड्यांनी जखम पुन्हा बघायची. मिशरी-तंबाखू बंद. मधुमेह असेल किंवा बरीच वर्षं स्टिरॉइड चालू असतील तर जास्त सावध राहायचं. आमच्या व्यवसायातही गोळीचं नाव ऐकताच पेशंटला परत पाठवणारे आहेत, आणि त्यांच्यामुळे असल्या मजकुराला बळ मिळतं.

‘दोन महिने आधी बंद करा’ याचा फोलपणा औषधागणिक वेगळा. अ‍ॅलेन्ड्रोनेटसारखं औषध हाडात जाऊन बसतं आणि तिथून निघायला वर्षं लागतात. दोन महिने गोळी न घेतल्याने जबड्यात काय फरक पडणार? पाच वर्षांनंतर हाडांचे डॉक्टर स्वतः कधी गोळीला विश्रांती देतात, पण तो हिशोब वेगळा, दाढेचा नव्हे.

डेनोसुमॅबचं उलट. ते हाडात साठत नाही. सहा महिन्यांनी असर ओसरतो आणि दबून राहिलेली झीज दुप्पट जोराने परतते. इंजेक्शन चुकवलेल्या काही रुग्णांचे मणके पुढच्या काही महिन्यांत दबले, कधी एकाच वेळी दोन-तीन. पाठीत कळ येते आणि एक्स-रे काढल्यावर कळतं. दाढेच्या भीतीने हे इंजेक्शन पुढे ढकलणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्यापेक्षा दाढेची वेळ इंजेक्शनच्या तारखेशी जुळवावी. शेवटच्या इंजेक्शननंतर तीन-चार महिन्यांनी दाढ काढली की पुढच्यापर्यंत जखम भरायला निदान सहा-आठ आठवडे मिळतात. पू झाला असेल तर मात्र तारखा पाहत बसायचं नाही.

सीटीएक्स तपासणीचं थोडक्यात: अमुक आकड्याखाली धोका, अमुक आकड्यावर सुरक्षित, ही कल्पना २००७ च्या सुमारास निघाली. पुढे ती टिकली नाही. या तपासणीवरून जबड्याचा धोका सांगता येत नाही, त्यामुळे पैसे वाचवा.

राहता राहिली नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, जरूर खा. पण नाचणी हाडाला माल पुरवते, झीज थांबवत नाही. मणका आधीच दबलेल्या स्त्रियांत अ‍ॅलेन्ड्रोनेटने खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणलं, हे १९९६ पासून माहीत आहे. आणि म्हातारपणी खुबा मोडला की पाचातला साधारण एक जण वर्षभरात दगावतो. त्याचा फोटो मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

हे औषध सुरू व्हायचंच असेल, विशेषतः कर्करोगासाठी, तर पहिल्या सलाइनच्या आधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन या. काढायच्या दाढा तेव्हाच काढून घ्या आणि हिरडी मिटायला दोन-तीन आठवडे द्या. औषध आधीच चालू असेल आणि दाढ काढल्यावर आठ आठवड्यांनीही खड्डा भरला नसेल, तिथे जिभेला खरखरीत हाड लागत असेल किंवा खालचा ओठ बधिर वाटत असेल, तर जबड्याच्या सर्जनला त्याच आठवड्यात दाखवा.