पावसाळा आहे, ओल येणारच!

भिंतीवर काळे ठिपके दिसले की घाबरायचं नाही. फोटो काढायचा आणि घरमालकांना पाठवायचा. तिकडून उत्तर येतं, "पावसाळा आहे, ओल येणारच." झालं तुमचं निम्मं काम. उरलेलं निम्मं, म्हणजे खोकणं, मुलं करतात.

कपाट भिंतीला घट्ट चिकटवून ठेवा. मागे हवा खेळली तर बिचाऱ्या बुरशीला सर्दी होईल.

मुलांचे कपडे घरातच वाळवा. श्रावणात सिंहगड रोडवर ऊन कुठून आणायचं, असं विचारू नका. "तुम्ही कपडे आत वाळवता म्हणून ओल येते" हे वाक्य तुमच्यासाठी राखून ठेवलेलं आहे.

शेजारच्या काकूंचा उपायही आहे. ब्लीचमध्ये थोडं संडासाचं अ‍ॅसिड घाल म्हणाल्या. त्यातून क्लोरीन निघतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या ईप्रला जर्मनांनी शत्रूच्या खंदकांवर सोडला, तोच. (काकूंच्या हातातून बाटली काढून घेतली. तुम्हीही घ्या.)

पण खरा रामबाण म्हणजे रंग. पाणी कुठून मुरतंय ते शोधायचं नाही, पेंटर बोलवायचा. आमच्याकडे घरमालकांनीच धाडला. खरवडणं नाही, भिंत वाळू देणं नाही, ओल्यावरच पुट्टी आणि वर दोन हात. "ताई, अँटीफंगल आहे, पाच वर्षं बघायला नको." पाच वर्षं! गणपतीसुद्धा बघितले नाहीत त्या रंगानं. तीन आठवड्यांत धाकटीच्या उशाशीच पोपडा सुटला आणि आतून काळी लव. "आई, भिंतीला मिशी आली," म्हणाली. चार वर्षांची आहे, तिला गंमत वाटली. पाणी वरच्यांच्या बाथरूममधून येतंय हे शेंबडं पोरही सांगेल, त्यांच्या आंघोळी झाल्या की तासाभरात डाग ओला होतो. वरचे म्हणतात, गच्चीतून येतंय. आमच्या डोक्यावर चार मजले आहेत! म्हणजे गच्चीचं पाणी चार घरं कोरडी ठेवून पत्ता विचारत आमच्याकडे उतरतं. सेक्रेटरी म्हणतात, हे तुमचं आपसातलं, आणि तुम्ही तर भाडेकरू. अहो, सोसायटीच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नियमांच्या पुस्तकात, लिहिलंय, पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक पाइपची गळती सोसायटीनं दुरुस्त करायची, संडास-सिंकची सभासदानं. यात 'कुणीच नाही' असा तिसरा पर्याय कुठे आहे? मीटिंगमध्ये पार्किंगच्या स्टिकरचा रंग ठरवायला मात्र दीड तास!

घरात उदबत्ती लावा. कुबट वासाला चंदनाचा वास येतो.

डॉक्टरांकडे जाऊ नका, ते फार खोचक विचारतात. आमच्या डॉक्टरांनी धाकटीची छाती तपासली आणि पहिला प्रश्न केला, "घरात ओल आहे का?" आता ती रोज रात्री स्पेसरची नळी लावून श्वासाचा पंप घेते, आणि मी शेजारी बसून तिचे श्वास मोजते.

नाही जमत मला आता विनोद करायला. ओलीच्या आणि बुरशीच्या घरात दमा आणि श्वासाचे त्रास वाढतात, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली लिहून ठेवलंय. इंग्लंडात रॉचडेलला २०२० मध्ये दोन वर्षांचा अवाब इशाक घरातल्या बुरशीमुळे श्वास कोंडून गेला. त्याच्या वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती. त्यांना काय सांगितलं, माहितीये? वरून रंग मारा. तिकडे त्या पोराच्या नावानं कायदा झाला.

घरमालक काका, मला रंग नकोय. वरच्यांच्या बाथरूमच्या फरश्या उकरायला लावा, पाइप बदलायला लावा, खर्च कुणाचा ते तुम्ही आणि ते बसून ठरवा, आणि भिंत पूर्ण वाळल्याशिवाय त्या पेंटरला जिना चढू देऊ नका. भाडं आम्ही पाच तारखेला देतो, तेव्हा "बघू" म्हणत नाही. आणि 'पावसाळा आहे' तर आता म्हणूच नका. आकाशकंदील उतरवून आठवडा झालाय.