मॅजोलिकाच्या ताटल्या: शिक्का, तडे आणि ‘पूर्ण संच’ यांविषयीच्या सल्ल्याचा प्रतिवाद

जुन्या मातीच्या व चिनी मातीच्या वस्तू जमवणाऱ्या मंडळींमध्ये एक सल्ला बराच फिरतो आहे, आणि नव्याने या छंदाकडे वळलेले लोक तो प्रमाण मानून खरेदी करत आहेत. त्याचा सारांश असा: मॅजोलिका (रंगीत झिलईची, म्हणजे काचेसारख्या लेपाची, मातीची भांडी) ही इटलीतली चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची कला आहे, खऱ्या ताटलीच्या मागे कारखान्याचा शिक्का असतोच, झिलईवर दिसणारी बारीक तड्यांची जाळी हा वयाचा पक्का पुरावा आहे, सहा किंवा बारा ताटल्यांचा पूर्ण संच मिळाला तरच घ्यावा, सुट्या ताटलीला किंमत नाही, पूर्वीचे लोक यात जेवत असल्यामुळे आपणही जेवायला हरकत नाही, आणि यात घातलेला पैसा वाढतच जातो. यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही. त्यांतल्या दोन विधानांवर विसंबून मी स्वतः पैसे घालवले आहेत, म्हणून हा प्रतिवाद थोडा विस्ताराने लिहीत आहे.

आधी नावाचा गोंधळ दूर केला पाहिजे, कारण वयाविषयीची चूक तिथूनच सुरू होते. स्पेनमध्ये बनलेली चमकदार झिलईची भांडी मायोर्का बेटावरून इटलीत जात आणि त्या बेटाच्या नावावरून इटालियन लोक त्यांना, आणि पुढे स्वतःच्या तशा भांड्यांनाही, ‘मायोलिका’ म्हणू लागले; ‘मॅजोलिका’ हे त्याचेच इंग्रजी रूप. देरूता, फायेन्झा, उर्बिनो या गावांत घडलेल्या या भांड्यांच्या झिलईत कथलाचे ऑक्साइड असते. आपल्याकडे कल्हईला लागते ते कथील हेच. त्यामुळे झिलई दुधासारखी पांढरी व अपारदर्शक होते आणि त्या पांढऱ्या थरावर चित्र रंगवले जाते. गोव्यात दिसणाऱ्या पोर्तुगीज ‘आझुलेजू’ फरशांची परंपरा याच घराण्यातली आहे. मात्र आज बाजारात ‘मॅजोलिका’ म्हणून जी उठावदार पाने, शिंपले, स्ट्रॉबेरीच्या वेली आणि शतावरीच्या जुड्या असलेल्या ताटल्या विकल्या जातात, त्यांचे घराणे वेगळे आहे. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट इथल्या मिंटन कारखान्यात लेओन आर्नू या फ्रेंच कारागिराने १८४९ च्या सुमारास त्या तयार केल्या आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्या लोकांसमोर आल्या. साच्यातून काढून एकदा भाजलेल्या मातीवर शिशाच्या रंगीत झिलया कुंचल्याने चढवायच्या आणि पुन्हा भट्टीत घालायचे, ही त्यांची रीत होती. मिंटनने या दुसऱ्या प्रकाराला सोळाव्या शतकातल्या बेर्नार पालिसी या फ्रेंच कुंभाराच्या नावावरून ‘पालिसी वेअर’ असे नाव दिले होते, पण गिऱ्हाइकांनी दोन्ही प्रकारांना मॅजोलिकाच म्हटले आणि तेच रूढ झाले. तेव्हा हाती येणारी पानाच्या आकाराची ताटली जुनी असली, तरी बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली असते. ‘रेनेसाँ काळातली’ म्हणून तिची किंमत सांगणारा विक्रेता एकतर स्वतः फसलेला असतो किंवा आपल्याला फसवत असतो.

शिक्क्याविषयीचे विधान अर्धवट खरे असल्यामुळे अधिक घातक आहे. मिंटनच्या मालावर कारखान्याचे नाव आणि १८४२ पासून वर्ष सांगणारी सांकेतिक खूण दाबलेली आढळते. वेजवूड या दुसऱ्या इंग्रज कारखान्याच्या मालावर १८६० पासून महिना, कारागीर आणि वर्ष सांगणारी तीन अक्षरे असतात. (वेजवूडची वर्षाची अक्षरे पुढे पुन्हा पहिल्यापासून वापरली गेली, म्हणून एकच अक्षर दोन वेगळ्या वर्षांचे असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.) पण स्टॅफर्डशायरमधल्या (स्टोक-ऑन-ट्रेंट ज्यात येते त्या परगण्यातल्या) कितीतरी लहान कारखान्यांनी आपल्या मालावर काहीच उमटवले नाही. जॉर्ज जोन्ससारख्या नामवंत कारखान्याच्या मालावरही अनेकदा फक्त नक्षीचा क्रमांक, तोही मागच्या चट्टेरी झिलईत अंगठ्याएवढी जागा कोरी ठेवून त्यात काळ्या शाईने लिहिलेला, एवढीच ओळख असते. शिक्का नाही म्हणून अशी ताटली नाकारली, तर उत्तम वस्तू हातची जाते.

उलट बाजूने पाहिले तर शिक्का नकली करणे सर्वांत सोपे असते, आणि अस्सल शिक्क्याचाही अर्थ नीट लावावा लागतो. १८४२ ते १८८३ या काळात ब्रिटनमध्ये नोंदवलेल्या नक्षीवर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची एक खूण असे. ती नक्षीची नोंद कधी झाली हे सांगते. ताटली त्याच वर्षी भाजली असे त्यातून सिद्ध होत नाही. ‘इंग्लंड’ हा शब्द मागे असेल तर माल बहुधा १८९१ नंतरचा असतो, कारण अमेरिकेच्या नव्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. पोर्तुगालमधल्या काल्दास दा रायन्या इथे रफाएल बोर्दालो पिन्येइरो यांनी १८८४ मध्ये काढलेल्या कारखान्याच्या परंपरेतली कोबीच्या पानांची भांडी तर आजही बनतात आणि दुकानांत नवी विकली जातात. तो नवा माल प्रामाणिकपणे नवा म्हणूनच विकला जातो. पुढे कुणी त्याला ‘आजोबांच्या काळातला’ म्हणून विकले, तर दोष त्या विकणाऱ्याचा असतो.

मग पाहायचे काय? ताटली उलटी करावी आणि शिक्का शोधण्याआधी पाठ वाचावी. जुन्या चांगल्या ताटलीची पाठ बहुधा हिरवट-तपकिरी चट्ट्यांच्या झिलईने झाकलेली असते आणि तीत तीन बारीक टोचे दिसतात. भट्टीत ताटल्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून खाली ठेवलेल्या तिवईच्या टोकांच्या त्या खुणा असतात. पुढच्या बाजूला झिलई खोलगट भागात साचून गडद झालेली आणि उंचवट्यावर पातळ झालेली दिसते, आणि शेजारचे दोन रंग एकमेकांत किंचित ओघळलेले असतात. नकलेत अनेकदा पाठ कोरी पांढरी, रंग तैलरंगासारखे सपाट आणि पानांच्या शिरा बोथट असतात. अस्सल ताटलीवरूनच साचा घेतला असेल तर आणखी एक गोष्ट उघडी पडते: माती वाळताना आणि भाजताना आकसते, म्हणून अशी नक्कल मूळ ताटलीपेक्षा लहान निघते. साधी मोजपट्टी इथे शिक्क्यापेक्षा जास्त सांगते.

तड्यांच्या जाळीचे कारण समजले की ती वयाचा पुरावा का ठरत नाही, हे आपोआप कळते. भट्टीतून निघाल्यावर माती आणि झिलई दोन्ही थंड होताना आकसतात. झिलई मातीपेक्षा जास्त आकसू पाहत असेल तर ती ताणली जाते आणि तडकते. हे पहिल्या आठवड्यातही घडू शकते. शिवाय सच्छिद्र माती वर्षानुवर्षे हवेतला ओलावा शोषून किंचित फुगते आणि त्यामुळेही झिलईला उशिरा तडे जातात. ज्या ताटलीची माती आणि झिलई एकमेकींना नीट जुळली आहे, तिच्यावर शंभर वर्षांनंतरही जाळी उमटलेली नसते. नवी वस्तू तापवून गार पाण्यात बुडवली आणि तड्यांत चहाचे पाणी मुरवले, की एका संध्याकाळीत ‘वय’ तयार होते. वापराने होणारी झीज पाहायची असेल तर ताटली जिथे टेकते ते कडे भिंगाखाली धरावे. खऱ्या झिजेच्या रेघा सर्व दिशांना, कमी-जास्त खोल असतात. पॉलिश पेपरने घासलेल्या रेघा एका दिशेने जातात.

आता संचाचा मुद्दा, कारण सर्वांत जास्त पैसा इथेच वाया जातो. पूर्ण संचाला मान आहे, हे मला मान्य आहे. पण ‘पूर्ण’ म्हणजे काय, हे सल्ला देणारा सांगत नाही. व्हिक्टोरियन काळात फळे व मिठाई वाढण्याच्या संचात ताटल्यांबरोबर उंच पायाची तबकेही असत. म्हणजे आज ‘पूर्ण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बारा ताटल्या हा मूळ संचाचा एक भागच असू शकतो. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या फीनिक्सव्हिल इथे ग्रिफेन, स्मिथ अँड हिल या कारखान्याने ‘एट्रस्कन मॅजोलिका’ या नावाने शिंपले आणि समुद्रशेवाळाच्या नक्षीची भांडी काढली. त्यांतली काही एका मोठ्या वाणसामान कंपनीने बेकिंग पावडरीच्या खरेदीवर भेट म्हणून दिली. ज्या घरात ती अशी एकेक करून आली, तिथे ‘कारखान्यातून आलेला अखंड संच’ कधी नव्हताच. आणि सुट्या ताटलीला किंमत नाही म्हणावे, तर इटलीतल्या मांतुआच्या राजघराण्यातल्या इझाबेला देस्ते हिच्यासाठी १५२४ च्या सुमारास निकोला दा उर्बिनो या चित्रकाराने रंगवलेला संच कधीच विखुरला आहे. त्याच्या ताटल्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियमसह निरनिराळ्या संग्रहालयांत सुट्याच आहेत, आणि त्यातली प्रत्येक ताटली अमोल मानली जाते.

माझा अनुभव इथे सांगतो. मुंबईतल्या एका विक्रेत्याकडून मी शिंपल्याच्या नक्षीच्या सहा ताटल्या घेतल्या. सुट्या देणार नाही, संच फोडणार नाही, असे त्याने निक्षून सांगितले, आणि मला तो त्याचा सच्चेपणा वाटला. घरी आल्यावर एकेक ताटली धुताना दोन ताटल्या हाताला जड लागल्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या, तर चार ताटल्या चारशे ग्रॅमच्या आगेमागे भरल्या आणि त्या दोन सव्वापाचशेच्या पुढे गेल्या. व्यास मोजला तर त्या दोघींचा सव्वा सेंटिमीटरने कमी. दुकानात सहाही ताटल्या पंख्यासारख्या एकावर एक मांडलेल्या होत्या, त्यामुळे कडा जुळतात की नाही हे दिसलेच नव्हते. संच न फोडण्याचा आग्रह त्या दोन ताटल्या खपवण्यासाठी होता, हे तेव्हा उमगले. त्या चार आजही माझ्या फडताळात आहेत आणि त्यांची एकमेकींशी तुलना करताना आणखी एक गोष्ट शिकलो: अस्सल संचातल्या ताटल्या तंतोतंत सारख्या नसतात. एकीवरचा गुलाबी रंग दुसरीपेक्षा फिका आहे, तिसरीवर निळा कडेबाहेर ओघळला आहे, कारण प्रत्येकीवर झिलई चढवणारा हात वेगळा किंवा घाईत होता. सहाही ताटल्यांचे रंग हुबेहूब एकसारखे असतील तर उलट सावध व्हावे.

म्हणून संच घेतानाही तो ताटलीगणिक घ्यावा. प्रत्येकीचा पुढून व मागून फोटो मागावा, वजन आणि व्यास विचारावा, तळहातावर तोलून बोटाच्या पेराने हलकेच वाजवावी. सांधलेली किंवा चिरलेली ताटली बद्द वाजते. अतिनील प्रकाशाच्या छोट्या टॉर्चखाली नवा रंग व लुकण मूळ झिलईपेक्षा वेगळे चमकतात. वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवून जुळवलेला संच असेल आणि विक्रेता तसे स्पष्ट सांगत असेल, तर त्यात काहीच वावगे नाही. मी असे संच आनंदाने पाहतो.

जेवणाविषयी मात्र तडजोड नको. या झिलईत शिसे आहे, आणि लिंबू, चिंच, टोमॅटो, दही यांसारखे आंबट पदार्थ ते ओढून घेतात. तडे गेलेल्या झिलईत अन्नाचे कण व तेल मुरते ते वेगळेच. आपली लोणच्याची बरणी खूप जास्त उष्णतेत भाजलेल्या घट्ट मातीची असते, तिच्यावरून या मऊ सच्छिद्र ताटलीचा अंदाज बांधू नये. पूर्वीचे लोक यात खात, हे खरे. पण या झिलईचे काम करणाऱ्या कारखान्यांतल्या स्त्री-पुरुषांना आणि मुलांना शिशाची बाधा होत असे, हेही तितकेच खरे आहे. ताटली भिंतीवर किंवा फडताळात शोभते, तिथेच ती असावी.

राहिला गुंतवणुकीचा दावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही भांडी लोकांच्या मनातून उतरली आणि विसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत त्यांना पुन्हा मागणी आली. २०२१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरले, हेही खरे. पण मागणी मिंटन किंवा जॉर्ज जोन्सच्या दुर्मीळ आकारांना असते. पानाच्या आकाराची साधी, टवका उडालेली ताटली वर्षानुवर्षे विक्रेत्याकडे पडून राहते. आपल्याकडच्या संग्राहकांना आणखी एक अडचण आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू ठरू शकते, मग ती परदेशात घडलेली असली तरी. आणि पुरावस्तू देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार खासगी व्यक्तीला नाही. तेव्हा पुण्यात घेतलेला संच उद्या लंडनच्या लिलावात चढ्या भावाने विकू, असा हिशेब मांडून कुणी खरेदी करत असेल, तर पैसे देण्याआधी त्याने हा कायदा वाचावा.