चादरीतला सॉक्रेटिस

अभिनंदन! तुमच्या नावापुढे मॅनेजर लागलं. आता पंधरा माणसांकडून काम करून घ्यायचं तर ते काम आपल्याला थोडंफार कळायला हवं, असा काही जुनाट लोकांचा समज असतो. तिकडे लक्ष देऊ नका. तुम्हाला ग्रीक यायला हवं. भाषा नव्हे हो. चार नावं, पाच वाक्यं आणि एक पांढरी चादर.

चादर मी स्वतः नेसून आले आहे, म्हणून खात्रीने सांगते. गेल्या महिन्यात शनिवार-रविवार गाठून मुळशीकडच्या एका रिसॉर्टवर आमचं नेतृत्व शिबिर झालं. विषय, प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञान. बस सकाळी सहाला. हॉलच्या दाराशी थर्माकोलचे दोन खांब आणि मधे सॉक्रेटिसचा थर्माकोलचाच अर्धपुतळा. त्याचं नाक नाश्त्याच्या आधीच कुणाच्या तरी लॅपटॉपच्या बॅगेने उडवलं. खऱ्या सॉक्रेटिसचं नाकही चपटंच होतं म्हणतात, त्यामुळे उलट साम्य वाढलं. मग प्रत्येकाला रिसॉर्टची एक चादर मिळाली, कोपऱ्यात लाँड्रीचा निळा नंबर असलेली. माझा ११४. ती खांद्यावरून घेऊन सगळ्यांनी फोटो काढायचा. ट्रेनर तिला 'टोगा' म्हणत होते. टोगा रोमन लोक नेसायचे. पण पोह्यांची रांग सुरू झाली होती, मी गप्प बसले.

(गेल्या वर्षी गीता होती. 'मा फलेषु कदाचन' नेमकं इन्क्रिमेंटची पत्रं निघायच्या आठवड्यात शिकवलं होतं. ग्रीकांवर मुक्काम हलवला तो बहुधा पुन्हा तोच श्लोक वापरणं बरं दिसलं नसतं म्हणून.)

तर पहिला धडा, प्रश्न विचारा. सॉक्रेटिस उत्तरं देत नसे, प्रश्न विचारी. तुम्हीही तसंच करा, फक्त उत्तर आधी ठरवून ठेवा. 'हे पंधरा तारखेपर्यंत व्हायला हवं' असं म्हटलं की हुकूम होतो. 'हे पंधरा तारखेपर्यंत का बरं होऊ शकणार नाही, असं तुला वाटतं?' असं म्हटलं की संवाद होतो. समोरच्याने तीन कारणं दिली की मान हलवायची आणि विचारायचं, 'आणि ही कारणं नसती तर?' तो थकून हो म्हणेल. मग मेलमध्ये लिहायचं की तारीख टीमने स्वतःच ठरवली.

उलट दिशेने आलेल्या प्रश्नांसाठी भिंतीवर एक तक्ता लावा, त्याला पार्किंग लॉट म्हणतात. 'निर्भयपणे विचारा' असं तीनदा सांगितल्यावर मी हात वर केला. दिवाळीच्या आधी मंजूर झालेली दोन माणसं अजून का भरली नाहीत, एवढंच विचारलं. ट्रेनरांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी तक्त्याकडे पाहिलं, आणि माझा प्रश्न पिवळ्या चिठ्ठीवर जाऊन चिकटला. रविवारी निघताना तिथे अकरा चिठ्ठ्या होत्या. रिसॉर्टच्या पोऱ्याने तक्त्याची सुरळी केली आणि खरकट्या प्लेटांबरोबर नेली.

सॉक्रेटिसचं पुढे काय झालं, ते मात्र स्लाइडवर घेऊ नका. इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सच्या पाचशेच्या आसपास नागरिकांच्या ज्युरीने त्याला दोषी ठरवलं आणि विषाचा प्याला दिला. त्याआधी रिवाजाप्रमाणे विचारलं होतं की तुझ्या मते तुला काय शिक्षा व्हावी? तो म्हणाला, नगराच्या खर्चाने मला सन्मानाने जेवू घाला. सेल्फ-अप्रेझल भरावं तर असं! आणखी एक गोष्ट तर अजिबात सांगू नका. अथेन्सवर तीस जुलमी राज्यकर्ते बसले असताना त्यांनी पाच जणांना बोलावून हुकूम दिला, सॅलॅमिसच्या लिऑनला मारायचंय, पकडून आणा. चौघे निघाले सॅलॅमिसला. सॉक्रेटिस घरी गेला. वरून आलेल्या हुकुमाचं काय करायचं याचं इतकं स्वच्छ उदाहरण टीमला दाखवलंत, तर सोमवारी ऑफिसात कोण राहील?

'मला एवढंच कळतं की मला काहीच कळत नाही,' हे वाक्य त्याच्या नावावर खपतं, पण तुम्ही जपून वापरा. टीमला तशी शंका आधीच आहे.

प्लेटो सोपा आहे. तत्त्वज्ञ राजा व्हावा किंवा राजा तत्त्वज्ञ व्हावा, असं तो म्हणतो. यातला राजा घ्या. बाकीचं बारीक अक्षरातलं आहे. म्हणजे राज्य करणाऱ्या वर्गाने सोन्याचांदीला हात लावायचा नाही, स्वतःचं घर करायचं नाही, पंगतीला सगळ्यांबरोबर बसायचं, आणि हे सगळं करून, अर्धं आयुष्य शिकून, खालच्या कामांत पंधरा वर्षं घासून, पन्नाशीला पोचल्यावर कुठे राज्याकडे बघायचं. आमच्याकडे साहेबांच्या कॉटेजेस तळ्याच्या बाजूला होत्या. आम्ही एका खोलीत तिघी, तिसरीला गादी जमिनीवर. ते कसलंसं सर्टिफिकेशन केलेले आमचे नवे व्हाइस प्रेसिडेंट चौतीस वर्षांचे आहेत.

आणि जगातला पहिला लीडरशिप कोच खुद्द प्लेटोच, हे ट्रेनरांना कुणी सांगितलं नसावं. सिसिलीतल्या सिराक्यूजला तो गेला आणि तिथल्या हुकूमशहाला शहाणं करून पाहिलं. ते जमलं नाही. हुकूमशहाचा मुलगा गादीवर आल्यावर पुन्हा गेला. मग तिसऱ्यांदा गेला, तेव्हा तो तिथे असा अडकला की टॅरेंटमच्या आर्किटसने मध्यस्थी करून त्याला परत आणवलं. सत्तेवर बसलेल्या माणसाला तत्त्वज्ञान शिकवायचा प्रयोग प्लेटोला तीन फेऱ्यांत जमला नाही. तो आमच्याकडे दोन दिवसांत, हाय-टी धरून, उरकला.

ॲरिस्टॉटलसाठी मग छापून घ्या. आमच्या मगावर लिहिलंय, 'उत्कृष्टता ही कृती नव्हे, सवय आहे' आणि खाली ॲरिस्टॉटल. हे वाक्य विल ड्युरांट नावाच्या अमेरिकन लेखकाचं. १९२६ साली त्याने ॲरिस्टॉटलचं म्हणणं समजावताना ते स्वतःच्या शब्दांत लिहिलं. पण ड्युरांट लिहिलेला मग कोण घेणार? माझ्या मगात सध्या पेनं आहेत.

सुवर्णमध्य तर तुमच्या फार कामाचा. लोक बारा टक्के मागतात, कंपनीला शून्य द्यायचे आहेत, तीन द्या आणि त्याला सुवर्णमध्य म्हणा. ॲरिस्टॉटलने नेमका हाच हिशेब मोडीत काढलाय, पण तो कोण वाचतं! तो म्हणतो, दहा मापं अन्न फार झालं आणि दोन मापं कमी पडलं, म्हणून तालमीच्या वस्तादाने सगळ्यांना सहा वाढायची नसतात. मिलो पैलवानाला ती कमी पडतील, नवख्याला जास्त होतील. माणूस बघून ठरवायचं असतं. चोरीला मध्य नसतो, हेही त्यानेच लिहिलंय.

डायोजेनिसचं नाव काढू नका. सिकंदराने काय हवं विचारलं तर तो म्हणाला, जरा उन्हातून बाजूला हो. आमच्यातल्या कुणालाही विचारलं असतं, तर 'शनिवारातून बाजूला व्हा' म्हणाला असता.

एपिक्युरस म्हणायचा, लोकांच्या नजरेत न येता जगा. लिंक्डइनवर टाकू नका.

आता मुख्य अस्त्र, स्टोइक नावाचा तत्त्वज्ञांचा पंथ. हे नीट शिका, कारण हे रोज लागतं. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. ज्या नाहीत त्यांचा त्रास करून घ्यायचा नाही. एवढंच पाठ करा. पगार? हातात नाही. प्रमोशन? हातात नाही. ज्याने तक्रार आणली त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, आवाज अर्धा करायचा आणि म्हणायचं, 'एपिक्टेटस काय सांगतो?'

आमच्या टीममध्ये एक पोरगा आहे, सांगलीकडचा. मार्चच्या रिलीजला तीन रात्री सलग जागला. तिसऱ्या रात्री वडिलांची अँजिओग्राफी होती. तो हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. कॉलवर मागून 'बेड नंबर नऊचे नातेवाईक' अशी हाक आम्हाला सगळ्यांना ऐकू आली. त्याने म्यूट केलं, जाऊन आला, परत बसला. रिलीज गेलं. एप्रिलमध्ये त्याचं रेटिंग एक पायरी खाली आलं, कारण बेल कर्व्हमध्ये कुणीतरी खाली बसवायलाच लागतं. शिबिरात, दुपारच्या जेवणानंतर, त्याने साहेबांना हळूच विचारलं. आणि साहेब, चादर नेसलेले साहेब, त्याला म्हणाले, 'जे तुझ्या हातात नाही ते सोडायला शिक. दॅट्स स्टोइसिझम.'

एपिक्टेटस कोण होता माहीत आहे? गुलाम. त्या नावाचाच अर्थ 'मिळवलेला'. पायाने अधू होता. पुढे स्वतंत्र झाला, तर सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना रोममधून हाकललं, त्यात तोही गेला. त्या माणसाने स्वतःला सावरायला जे शोधलं, ते त्याच्या मालकाने त्याला ऐकवायचं नव्हतं! आपल्या हातात नसलेल्या गोष्टींची त्याची यादीही वाचा ना एकदा. शरीर, मालमत्ता, नाव आणि अधिकारपद. अधिकारपद! म्हणजे तुमची खुर्ची त्या यादीत आहे, साहेब. मार्कस ऑरेलियस रोमचा सम्राट. पहाटे अंथरुणातून उठवत नाही, तर ऊठ, माणसाचं काम करायला ऊठ, असं त्याने ग्रीकमध्ये लिहून ठेवलं, ते स्वतःसाठी. सैन्याला सहाच्या बसमध्ये बसवून ऐकवलं नाही.

आणि रेटिंग त्या पोराच्या हातात नव्हतं, बरोबर. कुणाच्या हातात होतं? देवाच्या? समुद्रात वादळ आलं होतं का? ते तुमच्या हातात होतं. तुम्ही त्या एक्सेल शीटमध्ये त्याचं नाव खाली ओढलंत, माउसने. जे त्याच्या हातात नाही आणि तुमच्या हातात आहे, त्याला नियती म्हणत नाहीत, साहेब, त्याला तुमचा निर्णय म्हणतात. निर्णय घेतला तर तोंडावर सांगा, कारण सांगा, शिव्या खा. मधे दोन हजार वर्षांपूर्वीचा लंगडा गुलाम उभा करू नका.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण म्हणावं, तर तो पाषाणही थर्माकोलचा.

ग्रीकच हवेत ना? मग अथेन्सचं तेवढं घ्या. तिथे वर्षाची मुदत संपली की प्रत्येक अधिकाऱ्याला हिशेब द्यावा लागे. पैशाचाही आणि कारभाराचाही. कुणीही नागरिक उठून तक्रार करू शके, आणि हिशेब मोकळा होईपर्यंत साहेबाला गाव सोडायची परवानगी नसे. आमच्याकडे वर्ष संपलं की साहेबांची बदली सिंगापूरला होते आणि हिशेब आम्ही देतो. शिवाय खापरांवर नावं खरडून मतदान व्हायचं, आणि सहा हजार खापरं पडली की नकोसा पुढारी दहा वर्षं हद्दपार व्हायचा. आमचा निनावी सर्व्हे तर एम्प्लॉयी आयडी टाकल्याशिवाय उघडतच नाही.

शिबिराचा फीडबॅक फॉर्म आलाय, भरणं सक्तीचं आहे. त्यात पाच तारे आहेत आणि लिहायला शंभर अक्षरांची जागा आहे. माझ्या रिव्ह्यूत 'प्रश्न विचारण्याचा सूर सुधारावा' असं आलंय, तेव्हा सुरात सांगते. त्या दोन दिवसांच्या कॉम्प-ऑफचा, म्हणजे बदली सुट्टीचा, माझा अर्ज सतरा दिवस तुमच्याकडे पेंडिंग आहे. तो तुमच्या हातात आहे. बटण उजवीकडे, हिरवं.