‘एक जुना मेकॅनिक’ यांना उत्तर : प्रेशर वॉशरला डिझेल की पेट्रोल?

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की गरम पाण्याच्या प्रेशर वॉशरला, म्हणजे जोरदार धारेनं धुणाऱ्या मशीनला, डिझेल इंजिन घ्यावं. त्या लेखाखाली ‘एक जुना मेकॅनिक’ या नावानं एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी इथे जशीच्या तशी देतो : “लेखक महाशयांनी जन्मात कधी डिझेल इंजिनाला हँडल मारलेलं दिसत नाही. दुकानदारानं पढवलं ते उतरवून काढलंय. दिवसाला तास-दोन तास काम असेल त्याला पेट्रोलच परवडतं. डिझेल जड, महाग आणि कानठळ्या बसवणारं. लोकांची दिशाभूल थांबवा.”

महोदय, मतभेदाला माझी ना नाही. पण ‘पढवलं’ काय, ‘दिशाभूल’ काय! हे मशीनबद्दलचं बोलणं झालं की माझ्या दानतीबद्दलचं? आजवर कुठल्या डीलरचा चहासुद्धा पिऊन मी लेख लिहिलेला नाही. आणि स्वतःचं नाव झाकून दुसऱ्याच्या हेतूवर बोट ठेवायचं, याला आमच्याकडे मोठेपणा म्हणत नाहीत.

आता त्या हँडलचं बघू. आमच्या विहिरीवर किर्लोस्करचं पाच एचपीचं एव्ही वन हे डिझेल इंजिन होतं, मिनिटाला १५०० फेऱ्यांचं. शाळेत असल्यापासून ते चालू करायचं काम माझ्याकडे. डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारा लिव्हर उचलायचा, हँडल बसवायचं आणि अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. हँडलला मिठी मारायची नाही, कारण इंजिन उलटं फिरलं तर पहिला बळी अंगठ्याचा. हे वडिलांनी शिकवलं, शिवीसकट. फ्लायव्हीलनं वेग धरला आणि डिझेल फवारणारा इंजेक्टर कर्र कर्र बोलायला लागला की लिव्हर पाडायचा. तो ‘कर्र’ ऐकू येण्याआधी लिव्हर पाडणाऱ्याची दमछाक ठरलेली. पेट्रोल इंजिनात कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा दाबण्याचं प्रमाण, आठ-नऊला एक, डिझेलमध्ये सोळा ते वीसला एक. नुसत्या मनगटाच्या जोरावर ते फिरत नाही. हे मला दुकानदारानं पढवलं म्हणता? त्या काळी आमच्या गावात इंजिनाचं दुकानच नव्हतं.

आणि तेवढ्यावर थांबलो नाही. पुढे पिकअपवर मशीन बांधून पोल्ट्रीच्या शेडा, टिपर, खडी क्रशरची मशिनरी धुण्याची कामं घेतली, अजून घेतो. शेड अर्धी धुऊन झालेली, मालक डोक्यावर उभा, दुसऱ्या दिवशी चुना मारायचा, आणि पोरानं टाकी कोरडी होऊ दिली. डिझेलनं हवा धरली, म्हणजे नळीत हवा अडकली. पेट्रोलला टाकी भरून दोरी ओढली की संपलं. इथे पाना घेऊन फिल्टरजवळचा बोल्ट ढिला करायचा, फेस जाऊन सलग धार येईपर्यंत वाट बघायची, मग घट्ट करायचा. हा त्रास मूळ लेखात लिहिलेला आहे. तुम्ही तिथवर वाचलं नसावं. प्रतिक्रिया लिहायची घाई असली की असं होतं.

शिवाय आज वॉशरवर येणाऱ्या एअरकूल्ड डिझेलला दोरी असते, बऱ्याच मॉडेलना सेल्फही असतो. हँडल मारण्याचा मुद्दाच मुळात कशाला काढलात, देव जाणे.

आवाजाबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. मी त्यावर एकच ओळ लिहिली होती, आणखी एक-दोन चालल्या असत्या. वस्तीत काम असेल तर डिझेलचा दणका आणि हादरा शेजारी सहन करत नाहीत. हे मोकळ्या मनानं मान्य.

वजन? पिकअपवर पक्कं बसवलेल्या मशीनला वजनाचं काय घेऊन बसलात. जिन्यावरून न्यायचं असेल तर अर्थात पेट्रोल घ्या, कोण नको म्हणतंय? किंमत सगळ्यांना दिसते.

राहता राहिले तास-दोन तास. कमी चालणारं मशीन उरलेला वेळ उभंच असतं ना? हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, ते हवेतली ओल ओढतं. महिनाभर कार्बोरेटरमध्ये तसंच राहिलं की जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, चोंदतो. मग दोरी ओढत बसा. पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं हे मलाही ठाऊक आहे, पण कामावरची पोरं ते करतात का, हे तुम्हीच सांगा. तुम्ही जुने मेकॅनिक.

लेखाचा खरा मुद्दा होता गरम पाण्याच्या मशीनचा, त्याला तुम्ही हातसुद्धा लावला नाहीत. ग्रीस नुसत्या गार पाण्यानं निघत नाही. पाणी तापवणारा बर्नर बहुतेक मशीनवर डिझेलवरच चालतो. पंपाला पेट्रोल इंजिन घेतलं की एकाच गाडीवर दोन टाक्या, दोन कॅन. संध्याकाळच्या अंधारात कोणी बर्नरच्या टाकीत पेट्रोल ओतलं तर काय होईल, हे मेकॅनिकला मी सांगायला नको. इंजिनही डिझेलचं असलं की तो घोरच मिटला. गार पाण्याच्या मशीनला होंडाचं जीएक्स ३९० हे पेट्रोल इंजिन उत्तम, असं मी त्याच लेखात लिहिलंय. तरी मी म्हणे डिझेलवाला!

एवढं करून तुम्हाला मशीन घ्यायचंच असेल तर बार (पाण्याचा दाब) आणि मिनिटाचे लिटर कळवा. २०० बार आणि मिनिटाला १५ लिटर असेल तर पंपाला शाफ्टवर साधारण आठ एचपी लागतात, त्यावर थोडी मोकळीक ठेवून इंजिन बघायचं. कंपनी कोणती ते तुमचं तुम्ही ठरवा, नाहीतर पुन्हा माझ्यावर कमिशनचा आळ यायचा.

तुमची रात्री उशिरा आलेली दुसरी प्रतिक्रिया मी प्रसिद्ध केलेली नाही. तिच्यात इंजिनाबद्दल काही नव्हतं.