दुब्रोव्हनिक का नाही केलं आणि स्किपर का घेतला, याबद्दल

नमस्कार काका,

माझ्या क्रोएशियाच्या यॉट ट्रिपच्या लेखावरची तुमची कमेंट परवाच वाचली, लगेच टाइप करायला बसले होते पण म्हटलं जुनी बिलं काढून बघू आणि मगच लिहू. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काका मर्चंट नेव्हीत होते, 22 वर्षं समुद्रावर काढलीयेत, आणि त्यांचं म्हणणं असं की क्रोएशियातला आमचा यॉटचा आठवडा मी फारच घाबरून प्लॅन केला. स्प्लिट शहराहून निघून मिल्ना, ह्वार, व्हिस, शोल्ता ही बेटांवरची ठिकाणं एवढंच, दुब्रोव्हनिक शहर नाही, वर स्किपरवर (बोट चालवायला भाड्याने घेतलेला कप्तान) पैसे घालवले आणि खरा खर्च सांगितलाच नाही.

खर्चाचं तुमचं एकदम बरोबर आहे, मी फक्त बोटीचं भाडं लिहिलं होतं आणि ते चुकलंच. आमच्या स्किपरचे दिवसाला 200 युरो, म्हणजे आठवड्याचे 1400, शिवाय त्याचं जेवण आपल्याकडे. मग शेवटची साफसफाई, टुरिस्ट टॅक्स, डिझेल (टाकी फुल मिळते आणि फुल करूनच द्यायची), मरिनाचं (यॉट लावायच्या बंदराचं) रोजचं भाडं जे बोटीच्या लांबीवर ठरतं. आणि डिपॉझिट! आमच्या कार्डावर 2500 युरो ब्लॉक केले होते, म्हणजे तेव्हाचे सव्वादोन-अडीच लाख रुपये, तेवढी लिमिट असलेलं आणि बाहेर चालणारं कार्ड बरोबर नसेल तर किल्ली हातात मिळत नाही. हे मूळ लेखात आता घालते.

पण दुब्रोव्हनिकचं मला पटत नाही. काका, चार्टर (भाड्याची बोट) शनिवार ते शनिवार असतं. शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला बोट ताब्यात येते, सामान भरेपर्यंत अंधार होतो, म्हणजे खरं निघायचं रविवारी. आणि परत यायचं शुक्रवारी संध्याकाळी, कारण शनिवारी सकाळी नऊला बोट रिकामी करून द्यावी लागते, त्यात शुक्रवारी डिझेलच्या पंपावर सगळ्या बोटींची रांग. म्हणजे हातात राहिले जेमतेम सहा दिवस. स्प्लिट ते दुब्रोव्हनिक एका बाजूने शंभरेक सागरी मैल, आमची चाळीस फुटी बोट शिडावर पाच-सहा नॉट्स (ताशी सागरी मैल) जाणार, तेही वारा मनासारखा असला तर. जाऊन-येऊन करायचं म्हणजे रोज सकाळपासून इंजिन लावून बसायचं, पोहणं नाही, कुठल्या गावात पाय टाकणं नाही. ज्यांना सगळी मोठी गावं बघायचीच आहेत त्यांनी सरळ फेरी आणि कॅटमरान (वेगवान प्रवासी बोट) पकडावी, खूप स्वस्त पडतं, हे मी मनापासून सांगते.

म्हणून मी प्लॅन उलटा करते, शुक्रवारपासून मागे मागे. गुरुवारी रात्री बोट अशा ठिकाणी पाहिजे की कसलाही वारा सुटला तरी शुक्रवारी बेसला, म्हणजे जिथून बोट घेतली तिथे, पोचता येईल, म्हणून आम्ही शोल्ता ठेवलं. त्या समुद्रात भरती-ओहोटीचा फारसा त्रास नाही, सगळा खेळ वाऱ्याचा. उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून माएस्त्राल येतो, आपल्या खाऱ्या वाऱ्यासारखा, संध्याकाळी पडतो, तो सगळ्यांचा लाडका. बुरा मात्र ईशान्येकडून डोंगरावरून खाली कोसळतो, आभाळ निळंशार असतानासुद्धा, आणि त्याचे झटके भयंकर. युगो आग्नेयेचा, ढगाळ, दमट, हळूहळू चढत जातो आणि मग लाटा मोठ्या होतात. आम्हाला व्हिसला युगोच मिळाला. बुधवारी शेजारच्या बिशेव्हो बेटावरची ब्लू केव्ह ठरली होती, त्या गुहेचं तोंड इतकं बुटकं आहे की लाटा असल्या की छोटी होडीसुद्धा आत घेत नाहीत, त्यामुळे ती राहिली. मुलं रडवेली झाली होती. पण त्या दिवशी आम्ही व्हिस गाव पायी पायी फिरलो, युगोस्लाव्हियाच्या काळात हे बेट लष्कराचं होतं आणि 1989 पर्यंत परदेशी माणसाला तिथे पाऊलच ठेवता येत नव्हतं, म्हणून अजून ते इतकं शांत राहिलंय. मला पूर्ण ट्रिपमधला तोच दिवस सगळ्यात जास्त आवडला, आणि प्लॅनमध्ये एक दिवस मोकळा नसता तर तो मिळालाच नसता, उलट त्या लाटांत मुलांना घेऊन पुढचं बेट गाठायला निघालो असतो.

स्किपरबद्दल. तुमच्या अनुभवाबद्दल मला खरंच आदर आहे. पण मरिनात बोट पिछाडीने आत घ्यायची, दोन्हीकडे हातभर अंतरावर दुसऱ्यांच्या बोटी, आडवा वारा, आणि त्याच वेळी कोणीतरी धक्क्यावरून दिलेला दोर उचलून पुढे नाळेपर्यंत (बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत) नेऊन बांधायचा, हे काम मोठ्या जहाजापेक्षा वेगळं आहे. टग नाही, पायलट नाही, दोर धरायला तुमची मेव्हणी. आणि कागदाचा प्रश्न आहेच, विनास्किपर बोट हवी तर तिथे मान्य असलेलं छोट्या बोटीचं सर्टिफिकेट आणि व्हीएचएफ रेडिओचं सर्टिफिकेट दोन्ही मागतात. तुमचं सर्टिफिकेट चालतं का हे पैसे भरायच्या आधी कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या, फोनवरच्या हो-हो वर राहू नका.

हो, आणि व्हिसा. 1 जानेवारी 2023 पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात) आहे, युरोही तेव्हापासूनच, त्यामुळे जुन्या पोस्टमधली ‘कुना’ या तिथल्या आधीच्या चलनाची माहिती सोडून द्या. आम्ही राहण्याचा पुरावा म्हणून चार्टरचा करार आणि क्रू लिस्ट (बोटीवरच्या सगळ्यांच्या नावांची यादी) जोडली होती, लिस्टमधली नावं पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. तूप, पनीर, चितळ्यांचं काहीही दुधाचं नेऊ नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. भाजणी, मेतकूट खुशाल न्या.

तुम्ही सप्टेंबरमध्ये आठ जण जाताय असं लिहिलंय, तर चार कॅबिनची बोट घेताना एक गोष्ट बघा, स्किपर घेतलात तर नववा माणूस झोपणार कुठे? सलूनमधल्या (बोटीतल्या बैठकीच्या खोलीतल्या) सोफ्यावर त्याला आठवडाभर झोपवू नका, सकाळी सहाला उठून तुमच्यासाठी हवामान बघणारा माणूस आहे तो. पाच कॅबिनची मिळतेय का बघा, नाहीतर दोघांना घरी थांबायला सांगा. काय ठरतंय ते इथेच लिहा, मी रूट बघून देईन.