कुठलं कवठं?

बायकोच्या मामांनी गावी नवं घर बांधलं आणि वास्तुशांतीला बोलावलं. पत्ता विचारला तर फोनवर म्हणाले, "पत्ता कसला घेताय जावईबापू? सांगलीत उतरा आणि कुणालाही विचारा, कवठ्याला जायचंय म्हणा. शेंबडं पोरगं सांगंल." बायको आदल्या दिवशीच पुढे गेली होती. तिचा फोन पर्समध्ये आणि पर्स मामींच्या कपाटात, म्हणजे संपर्क तुटला. मी एकटा, काखेत आहेराचं भिंतीवरचं घड्याळ.

सांगलीच्या स्टँडबाहेर शेंबडं पोरगं नव्हतं म्हणून चहावाल्याला विचारलं. त्यानं गाळणी हातातच धरून माझ्याकडे पाहिलं.

"कुठलं कवठं? दारूचं का पैलवानाचं?"

मामा माळकरी. आणि त्यांची छाती पाहिली तर पैलवानकीशीही संबंध जुळेना. "दोन्ही नाही," मी म्हणालो.

"मग तालुक्याचं," असं म्हणून त्यानं मला मिरजेच्या अंगाला लावून दिलं. कवठेमहांकाळ.

गाडीत शेजारी एक निवृत्त तलाठी बसले होते. माझी अडचण कळल्यावर त्यांना उमाळाच आला. "अहो, जुन्या लोकांनी काय बघितलं? कवठाचं झाड दिसलं, म्हणाले कवठं. वड दिसला, वडगाव. पिंपळ दिसला, पिंपळगाव. झाडं काय एकाच गावात उगवतात?" मग दप्तरात घोटाळा नको म्हणून नावाला शेपूट आलं. कुठं देवाचं, कुठं आडनावाचं, जसं लोणी काळभोर. सांगलीजवळ दोन डिग्रज आहेत: बाजारपेठेचं ते कसबे डिग्रज, साधं खेडं ते मौजे डिग्रज. "आणि करोली म्हणाल तर एक करोली एम, एक करोली टी. एम मिरजेकडची, टी तासगावाकडची." मला आपलं वाटत होतं, टीवाल्या करोलीत चहा बरा मिळत असेल.

लहानपणी पाट्यांवर 'वडगाव बु॥' वाचलं की हे गाव येणाऱ्याला भ्या दाखवतंय असं वाटायचं. पुढे कळलं, बु॥ म्हणजे बुद्रुक, मूळ फारसी बुजुर्ग, थोरलं. खु॥ म्हणजे खुर्द, धाकटं. चिल्लरीला खुर्दा म्हणतो त्याच घराण्यातलं. हजारभर मैलांवरून फारसी आली आणि आपल्या वडाखाली भावाभावांच्या वाटण्या करून बसली, म्हणायला हरकत नाही. (मैल मी मोजलेले नाहीत. जास्तच असतील.) आता तर तेही गेलं. पुण्यात कुरिअरवाला पोरगा विचारतो, "सर, वडगाव बीके की केएच?" बुजुर्गांचं बीके झालं!

कवठेमहांकाळला उतरलो तर समोरच्या गल्लीत मांडव, लाउडस्पीकर, नवा रंग दिलेलं घर. दारात कुणीतरी "या या पावणं, पयली पंगत बसतीया" म्हणून हाताला धरून आत नेलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. बसलो. आमटी झणझणीत होती, दोनदा घेतली. मामा कामात असतील, मग भेटू. हात धुऊन यजमानांना वाकून नमस्कार केला, घड्याळ हातात दिलं आणि मान वर करून बघतो तर हे मामा नव्हेत.

आता घड्याळ परत मागायचं कसं? आमटी पोटात होती.

गृहस्थ मात्र देवमाणूस. सगळं ऐकून घेतलं, घड्याळ देव्हाऱ्याशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "तुमचं ते एकंदचं कवठं असणार. तासगाववरनं जावा." कवठेएकंदला पारावर एक म्हातारबाबा तंबाखू मळत होते. 'एकंद' म्हणजे एक कंद का हो, असं मी विचारलं. ते म्हणाले, "कंद काढायला आलाय व्हय? यायचं तर दसऱ्याला यायचं. आमचं दारूकाम बघायला कुठनं कुठनं माणसं येत्यात."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. दारूचं म्हणजे शोभेच्या दारूचं! मग मामांचं कवठं तेवढं उरलं, पैलवानाचं. म्हणजे सांगलीच्या पलीकडचं कवठेपिरान. हिंदकेसरी मारुती माने तिथले, 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण आणणारे. मामांनी फोनवर नुसतं 'पैलवान' म्हटलं असतं तर चहाच्या एका कपात काम भागलं असतं. एक कवठं पूर्वेला, एक उत्तरेला, एक पश्चिमेला. कवठाचं झाड मात्र मला तिन्हीकडे कुठे दिसलं नाही.

पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मांडवाचे बांबू सुटत होते. मामा ओसरीवर पान लावत बसलेले.

"एवढा उशीर?"

"मामा, कवठी तीन आहेत."

"छे! कवठं एकच. बाकीच्यांनी नाव घेतलंय नुसतं." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे चुना सरकवला.

आतून बायको आली. माझ्या रिकाम्या हातांकडे बघून म्हणाली, "आणि घड्याळ?"

"दिलं की," मी म्हणालो. "कवठ्यातच दिलं."